त्या बाईला सांगा

हिंगानोचं डोकं दुखतंय, या बातमीचं बेटावर कुणालाच नवल वाटलं नाही. आमच्या बेटावर सगळ्याच बायकांचं डोकं दुखायचं. बाळंतपणानंतर अंग बाहेर आलं तरी डोकं, छातीत गाठ हाताला लागली तरी डोकं, लघवीला आग होत असली तरी डोकंच. दक्षिण समुद्रातल्या हाआपाय बेटांमधलं हे एवढंसं बेट, त्यावर जेमतेम तीनशे माणसं, आणि त्यातल्या बायकांना दवाखान्याच्या लेखी मानेखाली शरीरच नव्हतं.

यात लोपेतीचा दोष काढता येणार नाही. लोपेती म्हणजे दवाखान्याचा डॉक्टर. खरं तर तो पुरता डॉक्टर नव्हे, आरोग्य अधिकारी, पण एवढं लांबलचक बोलत बसायला बेटावर वेळ कुणाला आहे? माणूस सोन्यासारखा. आमच्या बापयांची साखर तपासावी, रक्तदाब मोजावा, कावा नावाचं आमचं मुळीचं नशापाणी पिता पिता 'मीठ कमी कर रे बाबा' म्हणून कान पिळावा, तर त्यानंच. हिंगानोच्या नवऱ्याला, किटिओनेला, खडकावर पाय कापून जखम चिघळली, तेव्हा लोपेतीनं रोज घरी येऊन ती धुतली म्हणून आज त्याला दोन्ही पाय आहेत. पण सरकारनं शाबासकी म्हणून त्याला त्याच्या स्वतःच्या बेटावर नेमलं, आणि तिथंच सगळा घोळ झाला.

आमच्यात बहीणभाऊ जरा मोठे झाले की एका छपराखाली झोपत नाहीत. पुढं एका खोलीत बसत नाहीत. अंगाचं, पोटाचं, न्हाणीचं काहीही एकमेकांच्या कानावर पडू देत नाहीत. बहीण म्हणजे मान, भावापेक्षा एक पायरी वर. आणि बहीण काही सख्खीच असते असं नाही. चुलत, मावस, आते, मामे, आजोबांच्या भावाची नात, सगळ्या बहिणीच. लोपेतीच्या बाबतीत हिशोब मांडला तर त्याची आई, बायको, मुलगी आणि बाहेरून आलेल्या चार-दोन सुना वगळता बेटावरच्या झाडून सगळ्या बायका त्याच्या बहिणी लागत होत्या.

आधी दवाखान्यात दुसऱ्या बेटावरची एक म्हातारी नर्स असायची. ती निवृत्त होऊन गेली आणि लोपेती आला, तेव्हा बापयांनी डुक्कर भाजून आनंद साजरा केला. बायकांनीही अळूची पानं नारळाच्या दुधात शिजवून पंगतीला आणली. दवाखाना आपल्याला बंद झाला, हे त्यांनी त्या दिवशी मनातल्या मनात ओळखलं आणि वाढायला घेतलं. तक्रार कुणाकडे करणार? तक्रार करायची म्हणजे काय होतंय ते सांगावं लागणार.

मग बायकांनी एक युक्ती काढली. नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या तोंडी निरोप धाडायचा आणि भावाच्या कानावर जाईल इतपतच दुखणं सांगायचं. सभ्य दुखणं एकच, डोक्याचं. लोपेतीही इमानेइतबारे गोळ्या पाठवायचा. सगळं कसं रीतीला धरून चाललं होतं. हसावं की रडावं, कळत नाही.

हिंगानो ही लोपेतीची सख्खी थोरली बहीण. हिंगानो म्हणजे आमच्या भाषेत केवड्याचं कणीस, आणि बाईनं जन्मभर काम केलं तेही केवड्याच्या पातींचंच. पाती समुद्रात भिजवायच्या, उन्हात पांढऱ्या करायच्या, नखानं चिरायच्या आणि विणत बसायचं. तिच्या हातची चटई हात फिरवून ओळखता यायची. पन्नाशी उलटलेली, अंगानं थोराड, बोलण्यात फटकळ. लहानपणी आई शेतावर गेली की लोपेती हिच्या कडेवर असायचा. त्याचं नाक हिनं पुसलं, त्याला चालायला हिनं शिकवलं. मग तो मुलग्यांच्या खोपटात झोपायला गेला आणि तेव्हापासून दोघांत 'कोनफळं पाठवलीत', 'मिळाली' एवढंच बोलणं उरलं. प्रेम आटलं असं मात्र कुणी समजू नये. वर्षाचं पहिलं कोनफळ लोपेतीनं बहिणीच्या दारात ठेवल्याशिवाय कधी स्वतःच्या ताटात घेतलं नाही.

हिंगानोची पाळी जाऊन चांगला काळ लोटला होता. सुटले एकदाची, असं तिला झालं होतं. आणि मग एका सकाळी पुन्हा रक्त दिसलं. थांबेल म्हणून तिनं वाट पाहिली. ते थांबलं नाही. तिनं कुणालाही ताकास तूर लागू दिली नाही. जाडजूड काळे कपडे घालायला लागली, वरून कमरेला भलीमोठी चटई गुंडाळायची, ती काय आमच्यात सगळेच गुंडाळतात. पण भीती काही चटईत गुंडाळली जात नव्हती. कारण मेलियानेचं असंच सुरू झालं होतं.

मेलियाने तिची चुलत बहीण, म्हणजे लोपेतीचीही. बिचारीनं वर्षभर डोकेदुखीच्या गोळ्या खाल्ल्या. शेवटी बोटीत घालून नेली, तेव्हा राजधानीतले डॉक्टर म्हणाले, आता फार उशीर झाला. तिच्या डोक्याला काहीसुद्धा झालेलं नव्हतं. तिच्या थडग्यावर जी लाल-पिवळी गोधडी टांगलीय, ती हिंगानोनं शिवली. आता ती येता-जाता त्या गोधडीकडे बघायची आणि मान फिरवायची. आपली गोधडी कोण शिवणार, असाही विचार तिच्या मनात येऊन गेला.

इतकं असूनही तिनं नवऱ्याला निरोप कोणता द्यावा? "लोपेतीला म्हणावं, डोकं दुखतंय."

किटिओने गेला, गोळ्या घेऊन आला. पुन्हा गेला, पुन्हा आणल्या. तिसऱ्या खेपेला लोपेतीच्या कपाळाला आठी पडली.

"अहो, साध्या गोळीनं थांबत नाही म्हणजे काय? डोकं कुठल्या बाजूनं दुखतं?"

"मला काय ठाऊक? बायकांचं डोकं. सगळीकडून दुखत असेल."

"थांबा." लोपेती घरात गेला आणि स्वतःसाठी ठेवलेली ॲस्पिरिनची बाटलीच घेऊन आला. "ही जरा जोरकस आहे. ताईंना म्हणावं, सकाळ-संध्याकाळ घ्या. चुकवू नका."

भावानं आपल्या घरातली बाटली दिली म्हटल्यावर हिंगानो कशाला चुकवते? देवाचा प्रसाद घ्यावा तशा तिनं त्या गोळ्या घेतल्या. आणि रक्त आधी पावलापावलानं जात होतं, ते आता पळायला लागलं.

विणाईघरात तेव्हा मोठी चटई लागली होती. लोपेतीची मुलगी लेसिएली, तिचं लग्न ठरलेलं, आणि आत्या म्हणून मानाची चटई हिंगानोची. बायका ओळीनं मांडी घालून बसायच्या, एकेकीच्या पुढ्यात एकेक पट्टा. हिंगानोचा पट्टा नेहमी सगळ्यांच्या पुढे असायचा. तो आता मागे पडायला लागला.

"काय गं, पाती मोजतेस की झोपतेस?" म्हातारी तालिता म्हणाली. तालिता विणाईघराची कारभारीण. तिच्या तोंडाला लगाम नव्हता.

"डोकं दुखतंय."

"माझंही गेली कित्येक वर्षं दुखतंय. म्हणून हात थांबलेत का माझे?" असं म्हणून तालिता एका कुशीवर कलली. ती सरळ मांडी घालून कधी बसायचीच नाही, तिची ती बसायची पद्धतच आहे असं सगळ्या समजत होत्या.

हिंगानो पाणी प्यायला म्हणून उठली. उठली ती पुरती उभी राहिलीच नाही. अर्ध्या विणलेल्या चटईवर कोसळली, आणि तिला उचलायला धावलेल्या बायकांना तिच्या कपड्यांवरचा डाग दिसला. सगळ्यांना एका क्षणात मेलियाने आठवली.

शुद्धीवर आली ती हेच म्हणत. "दवाखान्यात नाही. तिथं माझा भाऊ आहे."

"भाऊ आहे म्हणजेच डॉक्टर आहे ना तिथं!" तालिता ओरडली. "धरा गं चटईची टोकं."

बायकांनी चटईसकट तिला उचललं. दवाखान्यात लोपेती कुणाच्या तरी दंडाला पट्टा बांधून बसला होता. पुढच्या दारातून चटई आत येताना दिसली, तिच्यावर कोण आहे तेही दिसलं, आणि लोपेती मागच्या दारानं बाहेर पडला. आजारी माणूस एका दारानं आत आणि डॉक्टर दुसऱ्या दारानं बाहेर, हा प्रकार आमच्याशिवाय दुसरीकडे कुठं पाहायला मिळायचा नाही. दंडाला पट्टा असलेला माणूसही पट्ट्यासकट पळाला.

लोपेती पळून मात्र गेला नाही. खिडकीबाहेर नीरफणसाचं झाड आहे, तिथं जाऊन खिडकीकडे पाठ करून उभा राहिला. त्यानं बायकोला हाक मारली. बायको म्हणजे फुसी. ती लांबच्या वावाऊ बेटांकडची, त्यामुळे या बेटावर कुणाची बहीण नाही आणि कुणाच्या बापाला भीत नाही. ती हाताचं पीठ न धुताच धावत आली.

"फुसी! ताईंना काय होतंय बघ!"

"डॉक्टर तुम्ही की मी? आत येऊन बघा की!"

"फुसी, अगं..."

"बरं, बरं. कळलं. बोला, काय बघू?"

"डोळ्याची खालची पापणी ओढ. आतून कशी आहे?"

"कशी असायची? पांढरी फटक. शहाळ्यातल्या मलईसारखी."

"नाडी?"

"धावत सुटलीय नुसती. हाताला नीट लागतसुद्धा नाही."

रक्त कुठून तरी जातंय, हे लोपेतीला समजलं होतं. कुठून, एवढाच एक प्रश्न विचारायचा होता. शिकलेला होता, शेकडो बापयांना तपासलेलं होतं, आणि तो एवढासा प्रश्न त्याला विचारता येईना. त्याच्या तोंडून जे बाहेर पडलं ते असं, "डोकं... डोकं दुखतंय का अजून?"

फुसीचा संयम संपला. "डोक्यातून रक्त वाहतंय का हो हिच्या?"

तालितानं तोंडावर हातातली पातीच धरली. खाटेवरून हिंगानो क्षीण आवाजात म्हणाली, "फुसी, गप्प बस. तो ऐकतोय."

"ऐकू दे. वन्सं, मेलियानेच्या वेळी मी गप्प बसले होते. या वेळी नाही बसायची."

"मी मरेन, पण माझ्या भावाच्या कानावर हे जायचं नाही."

ती खरंच मेली असती. यात अतिशयोक्ती नाही. असं मरणं आमच्या बायकांना जमतं. फुसीनं तिच्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेरच्या त्या पाठीकडे पाहिलं, आणि खाटेच्या कडेला बसली. तिचा आवाज एकदम खाली आला.

"वन्सं, एक सांगा. कावा पिण्याच्या बैठकीत सरदार स्वतः बोलतो का?"

"नाही. त्याचा मातापुले बोलतो."

"का?"

"सरदारानं आपल्या तोंडानं बोलणं शोभत नाही म्हणून."

"मग बहिणीचा मान सरदारापेक्षा कमी आहे का? तुम्ही एक शब्द बोलू नका. मी तुमची मातापुले. माझ्या कानात सांगा. आणि नाव कोण घेतंय तुमचं? एक बाई आहे, बस्स. कोण, कुठली, आपल्याला काय करायचंय?"

"बाई कधी मातापुले असते का?" तालिता पुटपुटली.

"आजपासून असते."

हिंगानोनं डोळे मिटले. मग फुसीचं मनगट धरून तिला जवळ ओढलं आणि तिच्या कानाशी बोलायला लागली. कितीतरी महिन्यांचं साठलेलं होतं. बोलताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि फुसी नुसती मान हलवत होती. शेवटी फुसी उठली, खिडकीत उभी राहिली आणि बैठकीत लावतात तसा खणखणीत स्वर लावला.

"ऐका हो, झाडाखालच्या मानकऱ्या! एक बाई आहे!"

लोपेतीची पाठ ताठ झाली. "ऐकतोय," तो झाडाला म्हणाला. "काय झालंय त्या बाईला?"

"पाळी गेलेली तिची. गेलेली परत आली. आणि थांबत नाही."

एकदा 'ती बाई' म्हटल्यावर लोपेतीची जीभ सुटली. ती बाई त्याची कुणीच नव्हती. तिच्याबद्दल काहीही विचारता येत होतं. किती दिवस? रंग कसा? गाठी पडतात का? दुखतं का, कुठं? तो झाडाला विचारायचा, हिंगानो कानात सांगायची, फुसी खिडकीतून पुकारायची. आत इतक्या बायका बसलेल्या, पण एकीलाही हसू आलं नाही. आपल्यालाही कधीतरी असं बोलता येईल, हे त्यांच्या तेव्हाच ध्यानात आलं असावं.

"आणि त्या बाईनं औषध काय घेतलं?" लोपेतीनं विचारलं.

फुसीनं खिडकीची चौकट धरली. हे पुकारायला तिच्याही जिवावर आलं. "भावानं पाठवलेल्या गोळ्या. सकाळ-संध्याकाळ. एकही चुकवली नाही."

लोपेती उभा होता तो खाली बसला, तसाच मातीत. त्या गोळ्या रक्त पातळ करतात, हे त्याला न कळायला तो काही कावा पिणारा शेजारी नव्हता. आपल्या घरातली बाटली आपण बहिणीला दिली, मायेनं दिली, आणि तिचं रक्त आपणच वाहवलं. त्याचे खांदे हलत होते. पाठ मात्र त्यानं वळवली नाही.

"तिला सांगा," तो म्हणाला, "गोळ्या बंद. आत्ताच्या आत्ता. आणि सांगा, तिच्या भावाला माहीत नव्हतं."

आत हिंगानोनं तोंड भिंतीकडे वळवलं. फुसी वाट पाहत राहिली, पण पुकारण्यासारखं तिच्या कानात कुणी काही सांगितलं नाही.

दुपारच्या भरतीला बोट निघाली. किटिओने यंत्रापाशी, मध्ये फुसीच्या मांडीवर हिंगानो, आणि पार पुढं, लाटांचं पाणी अंगावर घेत, सगळ्यांकडे पाठ करून लोपेती. बोटीला छप्पर नव्हतं हे एक बरं; असतं तर त्याला पोहत यावं लागलं असतं. हातात सलाईनची पिशवी उंच धरलेली, ती तशाच उलट्या हातानं, डोक्याच्या मागे. हात अवघडला तरी मोठ्या बेटावरच्या पांगाईच्या धक्क्यापर्यंत त्यानं ती खाली घेतली नाही.

पांगाईला रक्त चढवलं, तिथून राजधानीत नेली. तिथली डॉक्टर बाई होती, म्हणून हिंगानोला मातापुले लागली नाही. गर्भाच्या पिशवीत गाठी आहेत, पिशवी काढावी लागेल, ती म्हणाली. गाठी साध्या की वाईट, ते न्यूझीलंडला तपासायला पाठवून कळेल, वेळ लागेल.

"इतके दिवस काय करत होतात तुम्ही?" तिनं विचारलं.

"डोकं दुखतंय म्हणून सांगत होते," हिंगानो म्हणाली.

किटिओने खाटेशेजारी बसून होता. हातातली टोपी फिरवत तो म्हणाला, "मला तरी सांगायचंस."

"तुम्ही काय केलं असतं?"

"लोपेतीला सांगितलं असतं."

"म्हणूनच नाही सांगितलं."



पिशवी काढली, हिंगानो घरी आली, निकाल आला नाही. लेसिएलीच्या लग्नापर्यंतही आला नाही. मानाची चटई बायकांनी मिळून पुरी केली होती. तिच्यावर, चटयांच्या उंच थरावर, आत्या म्हणून हिंगानो बसली. हडकुळी झाली होती, पण बसली तोऱ्यात. आमच्यात भावाच्या लेकराच्या कार्यात आत्याचा शब्द शेवटचा. ती मागेल ते तिचं. चटया माग, डुकरं माग, नवरीच्या अंगावरचा पोशाख माग, कुणी 'का' म्हणून विचारायचं नाही. बोलणारा मानकरी पुढं झाला. आत्याबाईंची इच्छा काय?

"गुरुवार," हिंगानो म्हणाली.

मानकऱ्यानं इकडं तिकडं पाहिलं. गुरुवार कुणी मागितलेला त्यानं आजवर ऐकला नव्हता.

"मला गुरुवार हवाय. दर गुरुवारी दवाखाना बायकांचा. खुर्चीत फुसी बसेल. पांगाईची नर्सबाई महिन्यातून एका गुरुवारी आणायची, बोट बापयांनी हाकायची. डॉक्टरनं त्या दिवशी झाडाखाली बसायचं, पाठ करून. आणि कुठल्याही बापयानं आत पाऊल टाकायचं नाही."

मंडपात कुजबुज सुरू झाली. कडेचा एक म्हातारा न राहवून म्हणाला, "आणि गुरुवारी माझा गुडघा दुखला तर?"

"डोकं दुखतंय म्हणून सांग," तालिता तिथूनच ओरडली. "गोळी पाठवू आम्ही!"

असा हशा पिकला की नवरदेवालाही हसू आवरेना. दूर कावा पिणाऱ्यांच्या बैठकीत लोपेतीनं मान खाली घातली आणि टाळी वाजवली, आमच्यात होकार देतात तशी. आत्यानं मागितलं, विषय संपला. हिंगानो हसत होती, पण तिच्या मनात एकच घोळत होतं. हा गुरुवार आपल्या वाट्याला किती येणार, कुणास ठाऊक.

पहिल्या गुरुवारी एकही बाई फिरकली नाही. फुसी खुर्चीत बसून कोनफळं सोलत राहिली. पुढच्या खेपेला नर्सबाई आलेली, तेव्हा तालिता आली, दोन्ही बाजूला बघत, चोरासारखी. आत गेली. बाहेर आली ती विणाईघरात जाऊन सरळ मांडी घालून बसली. धाकट्याच्या बाळंतपणापासून तिचं अंग बाहेर येत होतं, आणि लाजेपायी आधीच्या नर्सलाही तिनं ते कधी दाखवलं नव्हतं. तो धाकटा आता नातवंडांचा आजा झालाय. नर्सबाईनं आत रबराची एक कडी बसवून दिली आणि काम झालं.

"एवढंसं होतं!" तालिता सगळ्यांना सांगत सुटली. "एका कडीसाठी मेली जन्मभर कुशीवर बसले!"

मग काय विचारता! गुरुवारी ओसरी भरायला लागली. फुसीचा 'एक बाई आहे' हा पुकारा ऐकून ऐकून नीरफणसालाही पाठ झाला असेल. एकीच्या छातीतली गाठ सुपारीएवढी असतानाच सापडली आणि निघाली. एकीची साखर सापडली, तिच्या नवऱ्याची तर केव्हाच सापडली होती. हिंगानोही दर गुरुवारी यायची. तिला तपासायचं काही नसायचं. ओसरीच्या कोपऱ्यात पाती चिरत बसायची, आणि झाडाखाली लोपेतीच्या खिशातला फोन वाजला की तिचे हात थांबायचे.

एका गुरुवारी तो वाजला आणि लोपेती उभा राहिला. पाठ ओसरीकडेच. त्यानं ऐकून घेतलं, 'हो' म्हणाला, पुन्हा एकदा विचारून खात्री केली, फोन खाली घेतला.

"मातापुले!" त्यानं हाक मारली.

"मी कामात आहे!" आतून फुसी ओरडली. "हातमोजे घातलेत! थांबा जरा!"

त्याला थांबवेना. आयुष्यभर रीत पाळलेला माणूस, पण एवढं आनंदाचं ओझं हातमोजे निघेपर्यंत धरून ठेवणं त्याला जमलं नाही. तो झाडाकडेच बघत मोठ्यानं म्हणाला, "कुणीतरी त्या बाईला सांगा हो! गाठी साध्या होत्या! सगळ्या साध्या! काही वाईट नाही, तिला काहीही नाही!"

ओसरीवरच्या बायकांचा जीव भांड्यात पडला. तालिता रडायलाच लागली, दुसरी कुणी टाळ्या पिटू लागली. पण कुणीही हिंगानोकडे बोट केलं नाही की तिचं नाव घेतलं नाही. सगळ्याजणी वाट पाहू लागल्या.

हिंगानोनं पाती बाजूला ठेवल्या. कानात सांगायला फुसी जवळ नव्हती. लहानपणी ज्या आवाजात ती त्याला अंगणातून हाका मारायची, त्याच आवाजात ती म्हणाली, "सांगते तिला."

लोपेतीनं झाडाच्या खोडाला हात टेकला.

"आणि ती बाई म्हणते," हिंगानो म्हणाली, "डोकं तिचं कधी दुखतच नव्हतं. ते भावाला कळणार कुठून? तिनं सांगितलंच नाही कधी."

मग लोपेतीनं बाहीनं नाक पुसलं.

"तिला म्हणावं," तो म्हणाला, "आता सांगत जा."